शाश्वत सुकटीचे चाळीस फॉर्म

‘शाश्वत’ हा शब्द लालबागमध्ये चालायचा नाही, हे कालिंदी घाडीने ट्रेनिंगच्या दिवशीच सांगितलं होतं. हात वर करून, उभं राहून, एकदा नाही तर दोनदा. पण ऐकतो कोण? प्रभादेवीच्या गल्लीतलं चौथ्या मजल्यावरचं ऑफिस, हाडं गोठवणारा एसी, आणि समोरच्या पडद्यावर प्रश्न क्रमांक चौदा: ‘आपण शाश्वत अन्नपदार्थ खरेदी करण्यास कितपत इच्छुक आहात?’ खाली पाच पर्याय, ‘अत्यंत इच्छुक’पासून ‘अजिबात इच्छुक नाही’पर्यंत. असं मराठी ज्या घरात बोलतात त्यांचा पत्ता तरी द्या, म्हणजे तिथे जाऊन विचारते, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. गिळलं.

भानगड अशी होती, की खाण्याच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीला आपल्या पाकिटांवर हिरव्या पानाची खूण छापायची होती. ही खूण म्हणजे माल जमिनीचा कस न मारता पिकवलेला, समुद्र ओरबाडून न काढलेला. गिऱ्हाईक ती खूण बघून पाकीट उचलेल की नाही, हे कंपनीला कळायला हवं होतं. त्यासाठी गिरगाव, दादर, माझगाव आणि लालबाग-परळ मिळून चारशे घरं, सर्व्हेला दहा बायका, प्रत्येकीला चाळीस घरं. हेतू चांगलाच होता, त्याबद्दल कालिंदीचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते शब्दाबद्दल. तिने निलेशला, म्हणजे तिच्या सुपरवायझरला विचारलं, की बाबा, समोरच्या बाईने ‘शाश्वत म्हणजे काय’ असं विचारलं तर काय सांगू? निलेश म्हणाला, काहीच सांगायचं नाही. प्रश्न लिहिलाय तसा वाचायचा. समजवायचा नाही, अर्थ फोडायचा नाही, मान हलवून मदतसुद्धा करायची नाही.

यावर तिला गप्प बसावं लागलं, कारण हा नियम बारा वर्षांपूर्वी निलेशला तिनेच शिकवला होता.

सत्तावीस वर्षं झाली कालिंदीला या धंद्यात. वडिलांची मिल बंद पडली, घरात पाच तोंडं, साबणाच्या सर्व्हेला दारोदार फिरायला बायका हव्यात असं कोणीतरी सांगितलं आणि ही गेली ती गेलीच. साबण झाला, चहा झाला, डोक्याचं तेल झालं, मच्छरांची अगरबत्ती झाली, टीव्हीवर काय बघता आणि मत कोणाला देता तेही विचारून झालं. दार कसं उघडून घ्यावं ते तिच्याकडून शिकावं. दुपारी एक ते चार बेलला हात लावायचा नाही. नवऱ्यादेखत बायकोला तिची कमाई विचारायची नाही. दारातूनच आधी पाणी मागायचं, कारण ज्याला पाणी दिलं त्याला लगेच हाकलता येत नाही. आणि सगळ्यात शेवटचं म्हणजे, खोटी खूण करायची नाही. या धंद्यात ‘कट्ट्यावरचे फॉर्म’ म्हणून एक प्रकार आहे. घरोघर न फिरता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायचं आणि शेंगदाणे खात तासाभरात चाळीस घरं निकालात काढायची. चांगल्या चांगल्या बायका करतात. कालिंदीने सत्तावीस वर्षांत एकही फॉर्म कट्ट्यावर भरला नव्हता. मिरवावी अशी ही एकच गोष्ट तिच्यापाशी होती आणि ती ती भरपूर मिरवायची. तिचा नवरा धनेश माझगाव गोदीत फिटर. तो म्हणायचा, हरिश्चंद्राला निदान शेवटी राज्य तरी परत मिळालं.

तिची दुसरी तक्रार होती ती लालबाग देण्याबद्दल. मी तिथेच जन्मले, तिथेच राहते, ओळखीच्या भागात सर्व्हे करू नये एवढं तरी पाळा, मला दादर द्या, असं ती म्हणाली. निलेशने हात जोडले. नव्या पोरींना लालबागच्या टॉवरमध्ये वॉचमन सोडत नाही आणि चाळीत बायका दार लावून घेतात, तुम्हीच जा, ताई. म्हणजे ओळख आहे म्हणून जा, आणि ओळखीचा फायदा घेऊ नका. वा रे न्याय.

गेली. जुलैचा शेवटचा आठवडा होता. हातात टॅब, पिशवीत पाण्याची बाटली आणि एक जाड कार्ड, ज्यावर हिरव्या पानाची खूण असलेल्या सुकटीच्या पाकिटाचं चित्र होतं. पहिल्याच घरी, चिवडा गल्लीतल्या सुभद्रावहिनींकडे, प्रश्न चौदा वाचला आणि कालिंदीला जे घडणार असं वाटलं होतं तेच अक्षर न् अक्षर घडलं. शाश्वत म्हणजे टिकाऊच ना, असं वहिनींनी विचारलं. कालिंदी नियमाप्रमाणे पुतळा होऊन बसली. मग वहिनींनी स्वतःच ठरवून टाकलं, की जे वर्षानुवर्षं टिकतं त्यात काहीतरी औषध घालत असणार, आम्ही चिवड्याच्या धंद्यातली माणसं, आम्हाला नका शिकवू. अजिबात इच्छुक नाही. बाविसाव्या मजल्यावर श्रेया सामंत राहायच्या, शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि सांगितलं, की शाश्वत फक्त सत्य असतं, अन्न नाशवंत असतं, तेव्हा मुळात प्रश्नच चुकलेला आहे. त्याही अजिबात इच्छुक नाहीत. तळमजल्यावरच्या आनंदा शिवणकरांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. हिरवी खूण म्हणजे शाकाहारी, मग शाकाहारी सुकट कशाची करतात, सोयाबीनची का, असं त्यांनी खरोखर मनापासून विचारलं. कालिंदीला हसू आलं आणि रडूही. दोन्हीला नियमात परवानगी नव्हती.

आणि मीराकाकी. कालिंदीच्या इमारतीच्या मागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर मीराबाई पेडणेकर, वय अठ्ठ्याहत्तर. मिल चालू होत्या तेव्हा तिची खानावळ होती, तीस-तीस गिरणीवाले दोन पाळ्यांत जेवून जायचे. खाण्याबद्दल हिच्याइतकं कळणारं माणूस लालबागमध्ये दुसरं नाही. तिने प्रश्न शांतपणे ऐकला, पुन्हा एकदा वाचायला लावला आणि विचार करून म्हणाली, “म्हंजे जा कधी कुसणा नाय ता? जा कुसणा नाय ता अन्न कसला गो? औषध मारलेला असतला. माका नको.”

कालिंदीने खूण केली. जे कुजत नाही ते अन्न कसलं, हे तिला स्वतःलाही पटलं होतं, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. चार दिवसांत चाळीस घरं झाली. एकोणचाळीस ‘अजिबात इच्छुक नाही’ आणि एक ‘सांगता येत नाही’. ते एक म्हणजे कोपऱ्यावरचे अप्पा, त्यांना ऐकू येत नाही.

पुढच्या सोमवारी निलेशचा फोन आला. आवाज पडलेला. ताई, तुमचे फॉर्म अडकलेत, म्हणाला. का? तर चाळीस फॉर्मांत एकोणचाळीस उत्तरं एकसारखी, असं कधी असतं का? बाकी नऊ जणींचे फॉर्म कसे, पाचही पर्यायांवर टिपक्यांच्या रांगोळीसारखे पसरलेले. शिवाय टॅबमध्ये जागेची नोंद होते. कालिंदीचे चाळीसच्या चाळीस फॉर्म तिच्या घरापासून दोनशे पावलांच्या आत भरलेले, म्हणजे घरात पंख्याखाली बसून भरले असणार. लालबाग कोणी दिलं रे मला, असं ती ओरडली, पण त्याचं संपलं नव्हतं. ऑफिसातल्या मुलीने सात घरी फोन करून विचारलं, की आमच्या संस्थेच्या प्रतिनिधी आपल्याकडे येऊन गेल्या का? सातही जणांनी सांगितलं, नाही बुवा, कोणी प्रतिनिधी वगैरे आल्या नाहीत.

कशा येतील? प्रतिनिधी आल्याच नव्हत्या. कालिंदी आली होती.

याला काय म्हणावं! कट्ट्यावर बसून रांगोळ्या काढणाऱ्या नऊ जणी शहाण्या, आणि जिने एकेक जिना चढून जे ऐकलं ते लिहिलं ती चोर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. निलेश म्हणाला, मोठे साहेब नाव कापायला निघालेत. एका एजन्सीने नाव कापलं की बाकीच्यांना कळायला संध्याकाळ व्हावी लागत नाही. आणि कामाचं एक वेळ सोडा, पण ‘घाडी घरी बसून भरते’ असं कोणी म्हणणार, हे कालिंदीला सहन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात जाऊन एकच मागणं मागितलं. माझ्याबरोबर माणूस पाठवा. कुठल्याही पाच दारांवर टिचकी मारा आणि हाच प्रश्न हाच शब्द वापरून विचारा. खोटी ठरले तर टॅब तुमच्या टेबलावर ठेवून जाते.

माणूस म्हणून पूर्वी नावाची मुलगी आली. सव्वीस वर्षांची, गिरगावातली, डोळ्यांना मोठा चष्मा. हा सगळा अभ्यास मुळात तिचाच होता. प्रश्न तिने इंग्रजीत लिहिले होते आणि मराठी कुठल्यातरी कंपनीकडून करवून घेतलं होतं. शाश्वत शब्द तुला कधी खटकला नाही का, असं कालिंदीने जिन्यातच विचारलं. पूर्वी म्हणाली, की सरकारी कागदांत हाच शब्द असतो. कालिंदी भिंतीला धरून अरुंद जिना चढत राहिली.

चार घरी तेच उत्तर मिळालं. सुभद्रावहिनींनी तर पूर्वीला दम दिला, की परवा सांगितलं ना एकदा, किती वेळा नको म्हणायचं. पाचवी मीराकाकी. पूर्वीने टॅबवर बघून प्रश्न वाचला आणि काकीने तेच सांगितलं, तितक्याच शांतपणे. पूर्वीने टॅब मांडीवर उलटा ठेवला. मग तिने माणसासारखं विचारलं, की काकी, तुम्ही मासे घेता कसे?

आणि काकीची टाकी फुटली. ती बोलली ते अर्धा तास. आता श्रावणाआधीपासून मासा बंद, नारळी पुनवेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय घरात ताजा मासा यायचा नाही, तोवर गेल्या उन्हाळ्यातली सुकट आणि बोंबील. पापलेटाची बोटभर पिल्लं विकायला बसतात त्या कोळणीशी तिचं दर वर्षी भांडण. खानावळीत एका सुरमईचं डोकं सारात, पोट तळणीला, शेपूट कढीला, काटे मांजराला, वाया काही नाही. पूर्वी लिहून घेत होती, पण लिहिता लिहिता थांबली ती एका वाक्यावर. काकी म्हणाली होती, “पिल्लां खाल्लंस तर आवस खयसून येतली? पुरवून खाल्लां तर पुढच्या वर्साकय मासो आसा.”

आवस म्हणजे आई, हे कालिंदीने पूर्वीला सांगितलं. पुरवून म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. पूर्वीने शब्दाखाली दोन रेघा मारल्या. जिना उतरताना ती म्हणाली, ताई, आपण गेले सहा महिने जो शब्द शोधतोय तो हा आहे. कालिंदी म्हणाली, आपण नाही, तुम्ही शोधत होतात. आम्ही रोज वापरतो.

पूर्वी त्या शब्दाला मात्र जागली, हे कबूल करायला हवं. तिने मोठ्या साहेबांशी भांडून प्रश्न चौदा सगळ्याच फॉर्मांतून रद्द करवला. कालिंदीचे फॉर्म खरे आहेत असं तिने लेखी दिलं. नऊ जणींच्या रांगोळ्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, तो भाग वेगळा. निलेशने मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, तेवढीच त्याची माफी. आणि नोव्हेंबरात नवा फॉर्म आला. प्रश्न चौदा: ‘तुम्ही पुरवून खाता का?’ होय किंवा नाही. बस्स. कालिंदीने तो पडद्यावर बघितला आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ट्रेनिंगमध्ये तिने हात वर केला तो तक्रारीसाठी नाही. ती म्हणाली, आता बघा, लालबाग कसं बोलतं ते. मोठे साहेब हसले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, या वेळी शब्द तुमचा, विभाग तुमचा. पुन्हा चाळीसच्या चाळीस ‘नाही’ आले, तर आम्ही काय समजायचं ते समजू.

पहिलं घर पुन्हा सुभद्रावहिनींचं. त्या तव्यावर कालच्या पोळ्यांचा कुस्करा परतत होत्या. कालिंदीने उत्साहाने प्रश्न वाचला. वहिनींचा झारा हवेत थांबला. पुरवून कशाला खाऊ, म्हणाल्या, घरात तिघं कमावते आहेत. आणि कुस्करा ताटात वाढून घेतला. नाही.

श्रेया टीचर म्हणाल्या, आमच्याकडे देवाच्या कृपेने काही कमी नाही. त्यांच्या ओट्यावर भाजीची देठं चिरून ठेवलेली, चटणीसाठी. नाही. आनंदा शिवणकर दुखावलेच. मिल बंद झाली तेव्हा आम्ही पुरवून खाल्लं, म्हणाले, आता मुलगा विमानतळावर आहे, आता कशाला तो विषय काढता? त्यांच्या बायकोने आतून हाक मारून सांगितलं, की नाही म्हणा, लोक काय समजतील. नाही.

कालिंदीने कपाळावर हात मारून घेतला. हा घोळ तिच्या लक्षात कसा आला नाही? काकीच्या तोंडी ते शहाणपण होतं, आणि दारात उभं राहून टॅब हातात धरून विचारलं की तीच हलाखी झाली. कोणी फॉर्म घेऊन आलं आणि विचारलं, की तुम्हाला भागवून खावं लागतं का, तर लालबागमधलं कुठलं घर हो म्हणेल? शब्द आपला, माणसं आपली, आता बोंब कोणाच्या नावाने मारायची? आपलेच दात, आपलेच ओठ. तिसऱ्या दिवसापर्यंत एकोणतीस घरं झाली. एकोणतीस ‘नाही’.

तिसाव्या घरी, मीराकाकीकडे, ती सकाळी अकराला पोचली. काकी जमिनीवर पाट घेऊन बसली होती, समोर विळी, विळीवर चांगली हातभर सुरमई. ही काकी तरी हो म्हणेल. म्हणेलच, शब्दच तिचा. कालिंदीने पाणी मागितलं, प्यायली, आणि लिहिलंय तसं वाचलं.

काकीने मान वर केली. “पुरवून? आमी काय उपाशी मरतंव काय गो? पुरवून खावचे दिवस गेले. वैभव, माझो नातू, मोठ्या कंपनीत आसा. नाय म्हणान लिही.”

अगो पण तूच तर म्हणालीस, असं कालिंदीला म्हणायचं होतं. समजवायचं नाही, अर्थ फोडायचा नाही. काकीने सुरमईचं डोकं सोडवून सारासाठी पातेल्यात टाकलं, पोटाच्या तुकड्या हळद-मिठाला लावल्या, शेपटीकडच्या दोन तुकड्या वेगळ्या केल्या आणि काटे ताटलीत मांजरासाठी काढून ठेवले. जसं तीस गिरणीवाल्यांसाठी करायची, अगदी तसंच. कालिंदी टॅब हातात धरून ते बघत बसली. बोट ‘होय’ आणि ‘नाही’च्या मधोमध.

तेवढ्यात निलेशचा फोन. त्याला सगळं दिसत होतं, फॉर्म जसे जातात तसे ऑफिसात दिसतात. त्याच्या आवाजात खरोखरची काकुळती होती, रागवावं असंही काही नव्हतं. मोठ्या साहेबांनी सकाळीच आकडे मागवले होते. पूर्वी त्यांच्या केबिनमध्ये बसली होती, तिचंही काही खरं नव्हतं. मग निलेश हळू आवाजात म्हणाला, “ताई, दहा-बारा होय टाका ना. खोटंसुद्धा होणार नाही. ती माणसं पुरवूनच खातात, तुम्ही स्वतः बघता. खरं तेच लिहायचंय फक्त.”

तो चुकीचं बोलत नव्हता. हेच तर कालिंदीला सगळ्यात जास्त टोचलं. समोर विळीवर पडली होती ती सुरमई ‘होय’च सांगत होती. ‘नाही’ लिहिलं तर कागदावर खोटं जाणार. ‘होय’ लिहिलं तर खरं जाणार, पण ते मीराबाई पेडणेकरांचं उत्तर नसणार, कालिंदी घाडीचं असणार. आणि कालिंदीला कोणी विचारलं नव्हतं.

“निलेश,” ती म्हणाली, “ती खाते काय ते मला दिसतंय. पण ती म्हणाली नाही. ती काय म्हणाली ते लिहायला मला पाठवलंय. ती काय खाते ते बघायचं असेल तर तुमच्या साहेबांना इथे पाटावर आणून बसव.”

मग पुढच्या यादीत तुमचं नाव नसेल, निलेश म्हणाला. त्यालाही वाईट वाटत असावं. कालिंदीने फोन ठेवला, ‘नाही’वर बोट टेकवलं आणि फॉर्म पाठवून दिला. टॅब बंद करून पिशवीत घातला. इतका वेळ चाललेला राग एकदम निवाला आणि त्याच्या जागी नुसता थकवा आला. ती तिथेच दाराच्या चौकटीला टेकून बसली.

काकीने विचारलं, काय झाला गो? कालिंदी म्हणाली, काही नाही काकी, काम सुटलं बहुतेक. कशामुळे, ते तिने सांगितलं नाही. तुझ्या एका ‘नाय’मुळे असं सांगितलं असतं, तर म्हातारीने लगेच ‘होय’ म्हणून टाकलं असतं. तेही नियमात बसत नव्हतं.

काकी उठली. हात धुतले, कालिंदीच्या केसांवरून ओला हात फिरवला आणि तिला जेवूनच जा म्हणाली. मग शेपटीकडच्या त्या दोन तुकड्या केळीच्या पानात बांधल्या, वर दोरा गुंडाळला आणि पुडी तिच्या पिशवीत टॅबच्या शेजारी ठेवली.

“ह्यो धनेशाक आणि तुका,” ती म्हणाली. “काम नाय तर नाय. आज एक खावा, उद्याक एक. पुरवून खावा हां.”

कालिंदी तिच्याकडे बघतच राहिली. काकी पातेलं चुलीवर ठेवायला वळली होती. आपण काय बोललो याचा तिला पत्ताही नव्हता.